दाखल्यावर न लिहिलेलं

शाळेचं शेवटचं वर्ष लागलं की पुढे काय, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो. माझ्या वर्गातल्या मुलांना तो थेट विचारला जायचा. माझ्या बाबतीत तो आईला विचारला जायचा. मी शेजारीच बसलेली असायचे, कुबड्या खुर्चीला टेकवून, कान शाबूत. आई तोंड उघडायच्या आत विचारणाऱ्याचाच सल्ला बाहेर पडायचा. बसून करायचं काम बघा. कॉम्प्युटरचं काहीतरी. नाहीतर राखीव जागा असतातच की. मला सेरेब्रल पाल्सी आहे: पाय ताठ, उजव्या हाताची बोटं स्वतःच्या मर्जीने वागणारी, बोलणं स्वच्छ. ‘बुद्धी मात्र चांगली आहे हो’ हे प्रशस्तिपत्र मला न मागता मिळत आलं आहे.

आज मी आकडेवारीच्या विश्लेषणाची नोकरी करते आणि ती बसूनच करायची असते. सल्लागारांचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण त्यांचा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. ते माझ्या पायांपासून सुरुवात करायचे. पाय चालत नाहीत, म्हणजे उभ्याची कामं गेली. हात मंद, म्हणजे बारीक हातकामं गेली. उरेल ते हिचं. मला आकड्यांची गोडी लागली ती पाऊस मोजलेल्या तक्त्यांमुळे. कुठल्या वर्षी किती पडला आणि का, हे शोधत बसायला आवडायचं, म्हणून. माझ्या पायांना त्यातलं काही माहीत नव्हतं. अंधांनी गायचं, बहिऱ्यांनी चित्रं काढायची, चाकाच्या खुर्चीवाल्यांनी कॉम्प्युटरपुढे बसायचं, ही वाटणी कुणी कधी केली कोण जाणे. तिच्यात गाता न येणाऱ्या अंध माणसाचं काय करायचं हे काही लिहून ठेवलेलं नाही.

अशी वजाबाकी सरकारी शिक्क्यानिशीही चुकते. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी, झोपताना श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाचं अजस्र यंत्र. १९६२ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला प्रवेश घेतला. ते यंत्र वसतिगृहात ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्यांना खोली मिळाली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने सुरुवातीला त्यांना मदत नाकारली होती. इतकं तीव्र अपंगत्व असलेला माणूस नोकरी करूच शकणार नाही, असं खात्याचं मत. १९७५ मध्ये रॉबर्ट्स त्याच खात्याचे संचालक झाले.

ही गोष्ट सांगताना लोक या शेवटावर थांबतात. मला तिचा मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यामागून तीव्र अपंगत्व असलेले आणखी विद्यार्थी त्या रुग्णालयात राहायला आले आणि त्यांनी आपल्याला नेमकं काय लागतं याचा हिशेब मांडला. १९७० मध्ये विद्यापीठात त्यांचा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती होती, मदतनीस शोधून देणं होतं, राहायला योग्य जागा शोधणं होतं. सत्कार कुणालाच नको होता. खुर्ची बंद पडली तर ती त्याच दिवशी दुरुस्त करून देणारा माणूस हवा होता, कारण खुर्ची बंद म्हणजे तास बुडाला.

उलट दिशेने सुरुवात करायची म्हणजे आधी ‘काय’ ठरवायचं आणि ‘कसं’ नंतर. हे बोलायला सोपं आहे आणि घरच्यांना ऐकायला भयंकर. गीरत व्हर्मे हे शास्त्रज्ञ लहानपणीच पूर्ण अंध झाले. त्यांना शंखशिंपल्यांचा नाद लागला. येल विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी गेले, तेव्हा तिथल्या अभ्यासकाने त्यांच्या हातात शंख दिले, आणि त्यांनी बोटांनी चाचपून ते ओळखले. शंखावरचे काटे, कडा, खेकड्याने फोडायचा प्रयत्न केल्याच्या भरून आलेल्या खुणा हे सगळं त्यांना बोटांनी वाचता येतं, आणि शिकारी व भक्ष्य यांच्यातल्या लाखो वर्षांच्या चढाओढीवरचं त्यांचं काम याच वाचनातून उभं राहिलं. ‘अंध मुलाला कोणतं शास्त्र जमेल?’ असं विचारत बसलं असतं, तर शंखांपर्यंत कोण पोहोचलं असतं?

पण मला यातून ‘मनात आणलं तर काहीही होतं’ असा उपदेश काढायचा नाही. त्या वाक्याची मला चीड आहे. काही गोष्टी होत नाहीत. मला शल्यविशारद व्हायचं असतं तर माझ्या बोटांनी रुग्णाचा जीव घेतला असता. मुद्दा एवढाच, की काय होत नाही हे ठरवायचं तर ते त्या धंद्यातल्या माणसाला विचारून ठरवावं, लग्नात भेटलेल्या दूरच्या काकांना विचारून नव्हे. मी मागून सल्ला विचारायला येणाऱ्या मुलांना एकच गृहपाठ देते. जे करावंसं वाटतं ते काम करणारं एक माणूस गाठा आणि त्याला विचारा, काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलंत? ‘तुमचं काम काय’ असं विचारू नका. लोक त्यावर भाषण देतात. कालचा दिवस विचारा. मग त्या दिवसाचे तुकडे करा. हा तुकडा माझ्याच्याने होतो, हा वेगळ्या पद्धतीने होईल, हा मुळीच होणार नाही. आणि मुळीच न होणारा तुकडा त्या कामाचा गाभा आहे की नुसती परंपरा, हे पुन्हा त्याच माणसाला विचारा. अमेरिकेच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या १९९०च्या कायद्यात कामाचा गाभा आणि कामाचा किरकोळ भाग असा स्पष्ट भेद केलेला आहे: गाभा जमत असेल, मग तो योग्य सोय मिळाल्यावर का होईना, तर किरकोळ भागापायी माणूस नाकारता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हा भेद स्वतःचा विचार करतानाही फार कामाला येतो.

माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचंच बघा. तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, श्रवणयंत्रं आहेत, ओठ वाचते, आणि तिला वास्तुविशारद व्हायचंय. घरी सगळ्यांना काळजी बांधकामाच्या जागेची: आवाज, धावपळ, कुणी ओरडून सावध केलं तर हिला कळणार कसं? ती एका अनुभवी वास्तुविशारद बाईंना भेटून आली आणि म्हणाली, “मावशी, साइटवर कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे हातवारेच करतात.” अडचण निघाली ती बैठकीत. गिऱ्हाईक, ठेकेदार, इंजिनियर असे पाच-सहा जण एका टेबलाभोवती एकाच वेळी बोलतात, आणि खरे निर्णय तिथे होतात. म्हणजे तयारी करायची ती बैठकीची. एवढं कळलं हेच मोठं काम झालं.

शाळा आणि कॉलेज यांत एक फरक असतो, तो प्रवेशाच्या माहितीपत्रकात कधीच लिहिलेला नसतो. शाळेत तुमच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. वर्गशिक्षकांना सांगायला आई जाते, नव्या शिक्षकांना जुने शिक्षक सांगतात, शिपाईसुद्धा जिन्याखाली उभा राहतो. अमेरिकेत तर विद्यार्थी १६ वर्षांचा व्हायच्या सुमारास शाळेने त्याच्या पुढच्या शिक्षणाची आणि कामाची लेखी योजना तयार करावी असं कायद्यानेच सांगितलेलं आहे. पण शाळा सुटली की ती जबाबदारीही सुटते. कॉलेजवर बंधन असतं, पण विद्यार्थ्याने स्वतः येऊन सांगितलं तर. सांगितलं नाही तर कुणी विचारायला येणार नाही. जिथे असे कायदे नाहीत किंवा नुसते कागदावर आहेत, तिथेही चित्र याच घाटाचं दिसतं: अठराव्या वर्षाच्या आसपास अचानक सगळं बोलणं तुमच्यावर येतं, आणि बोलायची सवय तर कुणी लावलेलीच नसते. बारा वर्षं आई बोलत होती ना.

चुलतबहिणीच्या त्या मुलीने कॉलेजला द्यायचं पत्र लिहून मला दाखवलं. त्यात निदान होतं, अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी होती आणि शेवटी ‘तरी कृपया सहकार्य करावे’ होतं.

मी विचारलं, “सहकार्य म्हणजे सरांनी काय करायचं?”

“म्हणजे... समजून घ्यायचं.”

“बरं, घेतलं समजून. आता उद्या वर्गात आल्यावर ते काय वेगळं करतील?”

तिला उत्तर सुचेना. सुचणार कुठून? ती लहानपणापासून डॉक्टरांच्या आणि दाखल्यांच्या भाषेत स्वतःबद्दल ऐकत आली होती. त्या भाषेत डेसिबल आहेत, टक्के आहेत. वर्ग नाही, फळा नाही. दाखला कशासाठी असतो? तुम्ही सवलतीला पात्र आहात की नाही हे ठरवण्यासाठी. भारतात अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलेली आहेत आणि राखीव जागांसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. तो आकडा दारातून आत यायला लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण आत आल्यावर तो कुणालाच काही सांगत नाही. सारखीच टक्केवारी असलेल्या दोघांच्या गरजा एकमेकींच्या जवळपासही नसतात. मला ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हटलं की प्राध्यापक कळवळतात; ‘मी हाताने लिहिलं तर बाकीच्यांच्या निम्म्या वेगाने लिहिते, टाइप केलं तर जवळपास बरोबरीने’ म्हटलं की ते लगेच कामाला लागतात.

मग ती आठवडाभर शाळेत वही घेऊन बसली आणि आपल्याला कधी ऐकू येतं, कधी येत नाही, हे टिपत राहिली. दुसऱ्या पत्रात तिने लिहिलं: सर फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठ दिसत नाहीत, तेव्हा लिहून झाल्यावर वळून बोला. मागच्या बाकावरून कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याआधी तो प्रश्न एकदा स्वतः म्हणा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर कॅप्शन असलेला निवडा, नसेल तर मजकूर आदल्या दिवशी द्या. आणि मला पहिल्या रांगेत बसवू नका. हे शेवटचं वाचून मी चमकले. ऐकू न येणारं मूल पहिल्या बाकावर, हे तर जणू ठरलेलंच. तिचं म्हणणं, पहिल्या बाकावरून फक्त सर दिसतात; चर्चा सुरू झाली की कोण बोलतंय हे बघायला मान मागे वळवेपर्यंत तो बोलून मोकळा झालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत कडेला बसलं की सगळे टप्प्यात येतात. बारा वर्षं ती पहिल्या बाकावर बसली होती, सगळ्यांच्या प्रेमापोटी.

अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात आणि त्यानंतरच्या बहुतेक कायद्यांत ‘वाजवी’ हा शब्द येतो. तुम्हाला इतरांबरोबर समान संधी मिळावी म्हणून आवश्यक ते बदल करायचे, मात्र समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. आता वाजवी काय, हे करारात मोजून दिलेलं नाही, देता येणारही नाही. ते टेबलाच्या दोन बाजूंना बसून ठरतं. ‘सहकार्य करावे’ असं लिहिलेल्या पत्राला ‘जरूर’ असं उत्तर येतं आणि सप्टेंबर उजाडला तरी काहीही बदललेलं नसतं. ‘मागून आलेला प्रश्न एकदा स्वतः म्हणा’ याला बोजा म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

परीक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे माझा जीव अडकलेला असायचा. भारतात २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिकही घेता येतो. पुढे २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्या उमेदवाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता, लिहिताना हात आखडायचा. टक्क्यांत न बसणारी पण पेपरात बसणारी अडचण. मला तो निकाल म्हणूनच जवळचा वाटतो: न्यायालयाने दाखल्यावरच्या आकड्यापलीकडे जाऊन, या माणसाला लिहिताना काय होतं ते पाहिलं.

पण लेखनिक मिळणं वेगळं आणि लेखनिकाकडून लिहून घेता येणं वेगळं. हे कुणी शिकवत नाही. हाताने लिहिताना माणूस अर्धं वाक्य लिहून उरलेलं नंतर ठरवतो. सांगताना ते चालत नाही, आख्खं वाक्य डोक्यात जुळवून मग सोडावं लागतं. कंस कुठे उघडतो, घात कुणाच्या डोक्यावर, अपूर्णांकाची रेघ कुठपर्यंत, हे सगळं उच्चारायचं. आकृती तर शब्दांत काढायची. सांगून झालेलं मनात ठेवायचं, कारण पान समोरच्याकडे असतं. शिवाय लेखनिकाचा चेहरा! उत्तर चुकतंय असं वाटलं की त्याच्या भुवया हलतात आणि आपण विनाकारण डळमळतो. ही कारागिरी आहे आणि तिला सराव लागतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेखनिक शोधणाऱ्यांची मला काळजी वाटते. वर्षाच्या सुरुवातीपासून जमेल त्याला धरून उत्तरं सांगायची सवय करावी. ज्यांना टाइप करता येतं त्यांनी तोही पर्याय मागून पाहावा. माझ्या नोकरीत मला लेखनिक लागत नाही, कीबोर्ड पुरतो. मग परीक्षाच का वेगळी असावी, हा प्रश्न मी बऱ्याच ठिकाणी विचारला आहे.

कॉलेज निवडताना इमारत बघायला सगळे जातात आणि दारातला रॅम्प बघून समाधानाने परत येतात. रॅम्प बघू नका, तो फोटोसाठीसुद्धा बांधतात. स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याचं दार किती रुंद आहे ते बघा. कित्येक मुली दिवसभर पाणी न पिता शिकतात, कारण दुसरा इलाज नसतो. लिफ्ट असेल तर तिची किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस जेवायला गेला की काय होतं ते विचारा. सलग दोन तास दोन वेगळ्या इमारतींत असतील तर मधल्या पाच मिनिटांत तुमच्या चालीने पोहोचता येतं का, हे प्रत्यक्ष चालून पाहा, शक्यतो गर्दीच्या वेळी. वसतिगृहात राहायचं असेल तर आग लागल्यावर कुठून बाहेर पडायचं ते विचारा. आणि आधीच्या वर्षांतला तुमच्यासारखा एखादा विद्यार्थी गाठा. तो दहा मिनिटांत जे सांगेल ते कार्यालयातून वर्षभरात कळणार नाही. असा विद्यार्थी आजवर एकही झाला नसेल तर, तेही उत्तरच आहे.

वेळेचं गणितही इथेच करावं लागतं. चालणं, कपडे घालणं, जिना उतरणं यांत माझ्या शरीराची शक्ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त खर्च होते. संध्याकाळी मैत्रिणी अभ्यासाला बसायच्या तेव्हा माझी शिल्लक संपलेली असायची, आणि रात्री जागून भरपाई केली की उधारी दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल व्हायची. म्हणून वेळापत्रक तासांत न मांडता थकव्यात मांडायला मी शिकले: अवघड विषय सकाळी, दोन तासांमध्ये एक रिकामा, लांबच्या इमारतीतला विषय आठवड्यात मोजका. जिथे कमी विषय घेऊन पदवी एक वर्ष उशिरा पूर्ण करायची मुभा आहे, तिथे ती घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. नोकरीच्या अर्जात पदवीचं वर्ष एका ओळीत येतं, पुढच्या ओळीकडे सगळे लगेच वळतात. मात्र शिष्यवृत्तीची मुदत त्या जादा वर्षाला पुरते का, हे आधी पाहून घ्यावं.

लांबच्या अंतरांसाठी मी कॉलेजच्या मधल्याच एका वर्षी चाकाची खुर्ची घेतली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. इतकी वर्षं चालायला शिकवलं ते काय यासाठी? माझ्या बाजूने हिशेब साधा होता. कुबड्यांवर वाचनालयात पोहोचून घामाघूम बसायचं, की खुर्चीने जाऊन दोन तास वाचायचं? खुर्ची घेतल्यावर माझे गुण वाढले, हे बाबांनी पुढे नातेवाइकांना स्वतःहून सांगायला सुरुवात केली.

डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांना पुस्तकांची वेगळीच लढाई असते. सॉफ्टवेअर आता महाग राहिलेलं नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केला, २००६ पासून तो विकसित होतो आहे आणि फुकट मिळतो. २०१३च्या माराकेश करारामुळे प्रताधिकाराची परवानगी न मागता पुस्तकं वाचनीय स्वरूपात आणण्याची वाट मोकळी झाली. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. तरीही वर्गात वाटलेली पीडीएफ म्हणजे पुष्कळदा पानाचा वाकडातिकडा फोटो असतो आणि स्क्रीन रीडर तिच्यापुढे मुका होतो. ती वाचनीय करायला वेळ लागतो. म्हणून वाचनाची यादी सत्र सुरू व्हायच्या बरीच आधी मागायची, आणि का ते एका वाक्यात सांगायचं. पुन्हा तेच पत्र, दुसऱ्या नावाने.

आता नोकरी. तिच्याबद्दल बोलताना सगळे मुलाखतीपासून सुरुवात करतात. मला वाटतं ती उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपासून करावी. इतर मुलं सुट्टीत कुणाच्या तरी ऑफिसात फाइली लावतात, दुकानात बसतात, शिकवण्या घेतात, पगार म्हणून काही हातात पडतं, बॉसची बोलणी खातात. आमच्या सुट्ट्या शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीत जातात. त्यामुळे बाविसाव्या वर्षी पदवी सारखी असते पण कामाच्या जागी वावरण्याचा अनुभव शून्य, आणि मुलाखत घेणारा त्या शून्याचा दोष अपंगत्वाला देतो. म्हणून शिकता शिकताच काम करावं. छोटं, अर्धवेळ, घरून करायचं, कसलंही. फक्त त्यात ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी द्यायची असली पाहिजे. तिथे आपल्याला काय लागतं तेही कळतं, कारण वर्गातली गरज आणि कामावरची गरज एक नसते. मी पहिल्या इंटर्नशिपला गेले तेव्हा समजलं, की मला जिन्यापेक्षा दर तासाला होणाऱ्या उभ्या उभ्या बैठका छळतात.

सांगायचं कधी? हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. अमेरिकेत नोकरी देऊ करण्याआधी अपंगत्वाबद्दल विचारायला कायद्याने बंदी आहे, ब्रिटनमध्येही २०१०च्या कायद्याने आरोग्याच्या बहुतेक प्रश्नांना तशीच मनाई आहे. भारतात सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागांसाठी अर्जातच सांगावं लागतं. खासगी ठिकाणी निर्णय तुमचा. माझं अपंगत्व दारातून माझ्याआधी आत शिरतं, त्यामुळे लपवायला मला जागाच नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं की मी उत्तरातच लिहायचे, की मी कुबड्या वापरते, खोली तळमजल्यावर असेल तर बरं. ज्यांचं दिसत नाही, म्हणजे अपस्मार, डिस्लेक्सिया, मनाचे आजार, त्यांना मी हाच सल्ला देणार नाही. लोक अजून फार वाईट वागतात. काही मागायचं असेल तेव्हा सांगावं, मागायचं आहे तेवढंच सांगावं, आणि शक्यतो नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर. सुरक्षेचा प्रश्न असेल, चालत्या यंत्राजवळचं काम असेल, तर मात्र गप्प राहू नये.

जूडी ह्यूमन यांना १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने शिक्षिकेचा परवाना नाकारला. त्या चाकाच्या खुर्चीवर होत्या आणि मंडळाचं म्हणणं, आग लागली तर ही मुलांना बाहेर कशी काढणार? त्या न्यायालयात गेल्या आणि शिक्षिका झाल्या. आगीचा प्रश्न वाईट नव्हता असं माझं मत आहे. शाळेत तो विचारलाच पाहिजे, आणि सगळ्याच शिक्षकांना विचारला पाहिजे. वाईट एवढंच, की तो विचारून उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. म्हणून मुलाखतीला जाताना मी त्यांच्या मनातल्या शंकांची उत्तरं तयार ठेवायचे आणि त्यांनी विचारलं नाही तरी देऊन टाकायचे. “वेगाचं विचाराल, तर हे मी गेल्या महिन्यात केलेलं काम आणि त्याला लागलेला वेळ.” काही वेळा समोरच्याचे खांदे सैल झालेले दिसायचे. काही वेळा काहीच फरक पडायचा नाही; एका ठिकाणी माझ्यासमोरच आईला विचारलं होतं, ही रोज येऊ शकेल ना? आई फक्त सोबत आली होती, बाहेरच्या बाकावर बसायला.

पैशांचं एक सांगून ठेवते. अनेक देशांत पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की अपंगत्वाचा भत्ता किंवा वैद्यकीय मदत बंद होते. पहिल्या पगाराच्या आनंदात हे कुणी पाहत नाही. नोकरी स्वीकारण्याआधी कागद घेऊन बसा.

शिवाय शरीर आहे तसंच राहील असं समजून आखणी करू नका. सेरेब्रल पाल्सी वाढत नाही असं पुस्तकात असतं, पण स्नायू आणि सांधे लवकर झिजतात. तिशीत दुखणं आणि थकवा वाढल्याचं आमच्यातले पुष्कळ जण सांगतात, आता मीही सांगते. काहींची नजर दर वर्षी उतरत जाते. भारताच्या २०१६च्या कायद्यात, सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याची श्रेणी कमी करता येत नाही, अशी तरतूद आहे. ज्यांना हे संरक्षण नाही त्यांनी नोकरी निवडताना घरून काम, कामाचे तास, बदलीची शक्यता हे आजच्या गरजेपेक्षा थोडं पुढचं बघावं. आणि ते पत्र वर्षा-दोन वर्षांनी नव्याने लिहावं, कारण जुन्या पत्रातली मुलगी मी आता नाही.

माझ्या चुलतबहिणीने कॉलेजला फोन लावायला घेतला होता. लेकीने तिच्या हातून फोन काढून घेतला नाही, तेवढी ती धीट नाही. “आई, मी मेल केलाय, उत्तर येऊ दे” एवढंच म्हणाली. उत्तर आलं. त्यात त्यांनी विचारलं होतं, व्हिडिओचा मजकूर आदल्या दिवशी देणं प्रत्येक वेळी जमेल असं नाही, त्याच दिवशी सकाळी दिला तर चालेल का? तिने चालेल म्हणून परस्पर कळवूनही टाकलं. मला हे तीन दिवसांनी कळलं, तेही दुसरं काही विचारायला फोन आला तेव्हा. तिला हवं होतं ते असं, की साइटवर घालायचं हेल्मेट श्रवणयंत्रावर नीट बसतं का, की दाबलं जाऊन यंत्रातून शिट्टी वाजते. मला काय ठाऊक! म्हटलं, त्या वास्तुविशारद बाईंना विचार. “त्यांना माहीत नाहीये,” ती म्हणाली, “म्हणून त्या म्हणाल्या, येऊन घालूनच बघ. शनिवारी जातेय.”